विसरलेलं वाक्य

टीव्हीवर डॉक्टर बनून घराघरांत पोचलेला वेंडेल ब्रॉडवेच्या रंगमंचावर नुसता आला, तरी टाळ्यांचा कडकडाट झाला. उभी हयात नाटकात घालवलेल्या लॉरेटाच्या ते डोक्यातच गेलं.

त्या पहिल्याच प्रयोगात तो वाक्य विसरला. कासावीस होऊन तिच्याकडे बघू लागला. तिला ते पाठ होतं, पण ती ढिम्म हलली नाही. घाम फुटू दे मेल्याला. प्रेक्षागृह चिडीचूप.

सकाळी पेपरांनी नेमकी तीच शांतता डोक्यावर घेतली.

"लॉरेटाबाई, आता मी रोज तिथं तसाच थांबणार," वेंडेल मेकअप करता करता म्हणाला.

"थांब की, राजा."

तो थांबला. प्रेक्षकांनी श्वास रोखला. लॉरेटा मायेनं जवळ गेली आणि तिनं त्याचं वाक्य त्याच्या कानात हळूच सांगितलं. शेवटच्या रांगेला ऐकू जाईल, इतकं हळूच.