अडथळे

बंदराच्या साहेबानं नकाशा उलगडला. आमच्या नदीत नऊ लाल ठिपके होते.

"हे काय?"

"अडथळे, मावशी. कोळशाच्या बार्जच्या वाटेतले. काल उपटून टाकले."

अडथळे! माझ्या सासऱ्यांनी खोल पाणी शोधून रोवलेले जाळ्याचे खांब होते ते! मी टेबलावर हात आपटला, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बार्ज गाळात रुतली होती.

"रुतली कशी?" साहेब खेकसला.

बार्जवाल्याचा आवाज मलाही ऐकू आला. "ते खांब बघूनच बार्ज हाकायचो, साहेब! कुठं गेले?"

साहेब एकदम मऊ झाला. "मावशी, खोल पाणी नेमकं कुठंय?"

खिडकीबाहेर उपटलेले खांब पडले होते. मी बोट दाखवलं.

"ते बघा तुमचे अडथळे. विचारा त्यांना!"