अडीचवरून तीन

"अगं, डोळे कुठे आहेत तुझे?" सौमित्र शेजारून ओरडला. चेंडू मोहनाच्या पॅडलला निसटता लागून जाळीत गेला होता.

समोरच्या जोडीने नजर दुसरीकडे वळवली. छाणी भागातल्या त्या पिकलबॉल कोर्टावर आता सगळ्यांनाच सवय झाली होती. नवरा ओरडणार, बायको घाबरून पुढचा चेंडूही घालवणार.

घरी हाच सौमित्र अगदी गरीब गाय. इथे हातात पॅडल आलं की त्याच्या अंगात यायचं. मोहनाला तर हा खेळ जिवापाड आवडायचा, पण रोज संध्याकाळी ती रडवेली होऊन स्कूटरवर मागे बसायची. असंच चाललं तर खेळ सोडावा लागणार होता. आणि तो सोडला तर दिवसभरात तिचं स्वतःचं असं काय उरणार? कप्पाळ!

सुटकेची वाट एकच होती. ग्रुप चालवणारा गुजराती कुशल प्रत्येकाचा खेळ बघून लेव्हल द्यायचा. चेंडू कसाबसा परत धाडतो तो अडीच. सर्व्हिस चुकत नाही, जाळीजवळ न गडबडता चेंडू हळूच टाकतो तो तीन. अडीचवाले संध्याकाळी, तीनवाले सकाळी. खालच्या ग्रुपात कुणीही खेळावं, वर जायला मात्र कुशलची परवानगी हवी. लेव्हल तो ज्याची त्यालाच सांगायचा. उगाच कुणाचं मन दुखायला नको.

मोहना आणि सौमित्र, दोघंही संध्याकाळचे. तिला सकाळ हवी होती. एकटीला.

रोज दुपारी पार्किंगच्या भिंतीवर ती चेंडू मारत सुटली. मनगट सुजलं. वॉचमन हसला, हसू दे मेला! देवापुढे दिवा लावताना तिने चक्क लेव्हल मागितली. मागताना लाज वाटली, तरी मागितलीच.

रविवारी कुशलने तिचा खेळ बघायला घेतला. सौमित्र बाहेर उभा राहून नखं खात होता. आज नाही जमलं तर संपलंच सगळं. तिने दात आवळून सर्व्हिस केली. मग दुसरी, तिसरी. एकही चुकली नाही. जाळीजवळचे चेंडूही तिने न गडबडता हळूच टाकले.

"बहु सरस, मोहनाबेन!" कुशल जवळ येऊन म्हणाला. "तीन. उद्यापासून सकाळी या."

तिला तिथेच रडू फुटलं. डोळे पुसत ती सौमित्रपाशी गेली. त्याचं तोंड बघून तिला वाईटही वाटलं.

"मला तीन मिळाले रे," ती चाचरत म्हणाली. "म्हणजे आता मी सकाळी येणार. तू मनाला लावून घेऊ नकोस हं."

सौमित्रने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हात काढले तेव्हा त्याचेही डोळे भरले होते.

"सुटलो बाई एकदाचा!" तो म्हणाला. "मला कुशलने पहिल्याच महिन्यात तीन दिले होते. पण तुला एकटीला टाकून जायला मन होईना. चल, उद्यापासून सकाळी आपण दोघं!"