चोवीस ओळी

पहिल्या ओळीचं बटण दाबलं आणि बाईंचं बोट तिथेच थिजलं. पडद्यावर अक्षरं उमटली होती, “नदीकाठी माझं घर.” मंचावरची मुलगी मात्र गात होती, “आई, नीट ऐक, हे गाणं नाही.”

बाईंचं काम तसं सोपं. स्पर्धेत प्रत्येक देश आपापल्या भाषेत गाणार, आणि जगाला अर्थ कळावा म्हणून खाली ओळी उमटणार. ओळी आधीच मंजूर होऊन आलेल्या. गाणाऱ्याने श्वास घेतला की बटण दाबायचं, पुढची ओळ येते. चोवीस ओळी, चोवीस वेळा बटण. बाईंना बोलावलं होतं, कारण या मुलीच्या खोऱ्यातली भाषा इथे अख्ख्या शहरात त्यांना एकट्यांनाच येत होती. जन्म तिथलाच, आणि थोरला भाऊ अजून तिथेच राहणारा. कालच्या तालमीत मुलीशी तोंडओळख झाली होती, तेव्हा तिने मंजूर ओळीच गायल्या होत्या.

पाठीमागे खुर्ची टाकून मुलीच्या पथकाचे साहेब बसले होते. मांडीवर मंजूर कागद, हातात पेन्सिल. ओळ उमटली की खूण. गाण्याची भाषा त्यांना ओ की ठो कळत नव्हती. कळणार कशी? त्यांच्याच सरकारने खोऱ्यातल्या शाळांत ती बोलणाऱ्या पोरांच्या हातावर छड्या ओढल्या. पण परदेशात परीक्षकांना मायबोलीतलं गाणं भावतं म्हणे, मग मिरवायला तीच भाषा घेऊन आले. दाखवायचे दात वेगळे म्हणतात ते काही खोटं नाही.

“उद्या पहाटे आपल्याकडे गाड्या येणार आहेत,” मुलगी गात होती. तीच चाल, तोच ठेका, चेहऱ्यावर शिकवलेलं हसू. “विमानात हे लोक माझ्यासमोरच बोलत होते. पुरुषांना उचलतील. घरं जाळतील.”

“चांदण्यात न्हाली माझी नाव,” पडद्यावर उमटलं. साहेबांनी खूण केली.

बाईंना शब्दन्‌शब्द कळत होता. तरी बोट आपलं काम करत राहिलं. श्वास, बटण. श्वास, बटण.

“आठवडा झाला, यांनी तिकडचे फोन तोडलेत. म्हणून गाऊन सांगते. सगळे टीव्हीपुढे बसला असाल, तर उठा. अंधार पडला की डोंगर चढा. म्हाताऱ्यांना पाठीवर घ्या, गुरं सोडून द्या.” मग ती कॅमेऱ्याकडे वळली. “ओळी देणाऱ्या मावशी, तुला कळतंय ना? तुला दिलंय तेच उमटू दे. मी यांच्या हातात आहे.”

मधे नुसती वाद्यं वाजत असताना बाईंनी कीबोर्डकडे पाहिलं. चार शब्द टाइप केले असते तर जगाने वाचलं असतं. बोटं शिवशिवत होती. पण पोरीने गळ घातली होती, आणि मागे पेन्सिल थांबलेली होती. शिवाय ज्यांनी ऐकायचं त्यांनी ऐकलंच होतं. एव्हाना दादा उठला असेल. कुठेही निघायचं म्हटलं की त्याला तासभर लागतो, आधी चष्मा सापडत नाही, मग किल्ल्या. आज नको रे लावूस वेळ, त्या मनात म्हणाल्या आणि चोविसावं बटण दाबलं.

सभागृह उठून उभं राहिलं. चांदण्यात न्हालेल्या त्या नावेसाठी काही जणांच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं होतं.

“शब्दाला शब्द जुळला, बाई,” साहेबांनी कागदाची घडी घातली. “मानलं तुम्हाला.”

काहीतरी बोलायला हवं म्हणून बाई बोलून गेल्या, “तिकडेही सगळे बघत असतील, नाही?”

“बघतायत की. कालच्या तालमीचं रेकॉर्डिंग.” साहेब हसले. “थेट काही दाखवत नाही आम्ही. ही कलाकार माणसं, एकदा मंचावर चढली की काय बरळतील नेम नाही. दुधाने तोंड पोळलंय आमचं.”

बाई उठून दाराकडे निघाल्या. जाता जाता त्यांनी घड्याळ पाहिलं. दुपारचे चार वाजत होते. फोन तुटलेले. इथून निघालं तरी खोऱ्याची वाट दोन दिवसांची. जगाने वाचावं अशी एक संधी हाताखाली होती, ती त्यांनी स्वतःच्या बोटाने चोवीस वेळा घालवली होती.

बाहेरच्या बोळात मुलगी येत होती, दोन्ही बाजूंना पथकाची माणसं. बाईंना पाहताच ती थांबली. साहेबांदेखत तिला सरकारी भाषेतच बोलायची ताकीद होती. तरी ती आपल्या भाषेत बोलली, “मावशी, आईने ऐकलं असेल ना गं?”

साहेब बाईंच्या खांद्यामागेच उभे होते. खरं सांगावं, तर पोर इथेच हंबरडा फोडेल, आणि मग तीही गेली.

“ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं, बाळा.”

“काय विचारते?” साहेब म्हणाले.

“गाणं कसं झालं म्हणते.”

“उत्तम झालं म्हणावं.”

मुलीने भिंतीला पाठ टेकली. मंचावरचं हसू गेलं आणि तिचं स्वतःचं हसू आलं, लहान पोरीसारखं.

“मग काहीतरी खायला दे ना मावशी,” ती म्हणाली. “विमानात बसल्यापासून घास उतरला नव्हता. आत्ता कुठे भूक लागली बघ.”