सहनाची बिघडलेली देवी

"हा देवीचा हात आहे की झाडू?" फत्तेसिंगरावांनी कागद सहनासमोर आपटला. "आणि नुसता हात काढायला एवढा मोठा कागद कशाला? हा पाचवा हात तुझा. अजून ही गत!"

सहना मान खाली घालून उभी राहिली. येलवालहून रोज बसनं येऊन शिव्या खाणारी ही मुलगी वनजानं, त्यांच्या बायकोनं, कुठून धरून आणली होती कोण जाणे.

"पुन्हा काढते, गुरुगळे."

"बेडा! तू नकोच काढू." त्यांनी पेन्सिल हिसकावली, मनगट वळवलं, बोटं सरळ केली, बांगड्या चढवल्या आणि कागद तिच्या अंगावर फेकला. "ने हा. डोळ्यांसमोर नको."

मंडी मोहल्ल्यातल्या त्या खोलीत, खिडकीखाली, कापड चिकटवलेला मोठा बोर्ड दोन वर्षं कोरा उभा होता. दुकानांसाठी त्याच त्या लक्ष्म्या आणि तेच ते गणपती काढून फत्तेसिंगराव पार पिळून निघाले होते. ब्रश घेतला की हात जड व्हायचा. बोर्डासमोर बसायचे आणि तसेच उठायचे. त्यात एका मठाला दसऱ्यासाठी चामुंडी हवी होती. यांच्याकडून झाली नाही तर काम अर्जुनकडे जाणार होतं, आणि त्यापेक्षा फत्तेसिंगरावांना मेलेलं परवडलं असतं.

अर्जुन त्यांचा शिष्य, पोटच्या पोरासारखा वाढवलेला. एकदा गुरू घरात नाहीत असं पाहून त्यानं चामुंडीचे डोळे काढले, तेही डाव्या हातानं. देवीचे डोळे सगळ्यात शेवटी, न्हाऊनधुऊन, गुरूनंच काढायचे. डाव्या हातानं तर कुणी तिला फूलही वाहत नाही. फत्तेसिंगरावांनी त्याच दिवशी त्याला घराबाहेर काढलं. तेव्हापासून त्याचं नाव निघालं की ताट भिरकावलं जायचं.

"मठातून फोन आला होता," वनजा म्हणाली. "सोमवारपर्यंत रेखाटन दाखवा म्हणे. नाही तर मग..."

"साकु, पुरे! पुढचं नाव घेऊ नकोस."

सहना येतच राहिली. सिंह काढला, तो मांजर निघाला. मुकुट काढला, ते पातेलं झालं. फत्तेसिंगराव ओरडायचे, तिचा बाप काढायचे आणि चिडून सगळं नव्यानं काढून द्यायचे. एकदा रागाच्या भरात त्यांनी चौरंग ढकलला आणि पांढऱ्या रंगाची वाटी कलंडली. सहनाच्या उजव्या हातातली पेन्सिल होती तशीच राहिली, आणि वाटी तिनं वरच्या वर झेलली. थेंबही सांडला नाही.

"झेलायला बरं जमतं," ते खेकसले. "क्रिकेट खेळ उद्यापासून."

सोमवारी सकाळी ते खोलीत शिरले आणि दारातच थबकले. बोर्डावर चामुंडी उभी होती. कागदावरच्या रेषेला सुईनं भोकं पाडायची आणि वरून कोळशाची पूड थापटायची, ही त्यांची नेहमीची रीत. तशाच काळ्या ठिपक्यांत आठ हात, सिंह, मुकुट. डोळ्यांची जागा तेवढी रिकामी.

"माझ्या बोर्डाला हात कुणी लावला?"

"सहनानं. काल तुम्ही देवळात गेलात तेव्हा," वनजा म्हणाली. "अय्यो, ओरडता काय? रेषा कुणाच्या आहेत ते तरी बघा."

त्यांनी बघितलं. एकूण एक रेष त्यांचीच होती. रागानं काढलेली, तिच्या अंगावर फेकलेली.

फत्तेसिंगराव खाली बसले. ब्रश शाईत बुडवला आणि ठिपक्यांवरून रेष ओढली. हात हलका चालला. सिंहाची आयाळ पुरी होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. इतका आनंद झाला की त्यांना रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला.

"कुठं आहे ती कार्टी? बोलव तिला. ढ असली तरी चिवट आहे. शिकवीन मी."

"ती आता येणार नाही. तिला सगळं येतं. तुमच्यासमोर उजव्या हातानं काढायची, म्हणून बिघडायचं."

ब्रश थांबला.

"डाव्या हातानं देवी काढायला तिला कुणी शिकवलं?"

वनजानं खाली पडलेला एक कागद उचलला, नीट घडी केली.

"तिच्या गुरूनं विचारलंय, डोळे काढाल त्या दिवशी दारात उभं राहिलं तर चालेल का. आत येणार नाही म्हणाला अर्जुन."