सिमेंटचं घमेलं

भीमनगरचा साहेबराव आपल्या वस्तीच्या विहिरीच्या तळाशी उतरला आणि त्याने वरच्या अंगाच्या खडकाला कान लावला. काठावर दोन वस्त्या उभ्या होत्या. ओढ्याच्या वरच्या अंगाची माळवाडी एका बाजूला, खालच्या अंगाचं भीमनगर दुसऱ्या बाजूला. एरवी ही माणसं एकमेकांच्या लग्नालाही जात नसत. आज चोरी धरायला मात्र सगळे वेळेवर हजर होते.

चोरी पाण्याची होती. दुष्काळाचा टँकर माळवाडीच्या विहिरीत रिकामा व्हायचा आणि दिवस मावळायच्या आत ते पाणी नाहीसं व्हायचं. भीमनगरला टँकरच नव्हता, तरी त्यांच्या विहिरीत गुडघाभर पाणी आलं होतं. माळवाडीच्या हणमंतरावाने सरळ साहेबरावाचं नाव घेतलं. "आज टँकर पडू द्या. दिसभर हितंच बसतो. कोन नेतंय ते बघतोच. उद्या हातात बेड्याच."

टँकर सकाळीच रिकामा झाला होता. ऊन डोक्यावर आलं.

"आलं!" साहेबराव खालून ओरडला.

खडकाच्या भेगेत आधी ओल दिसली, मग करंगळीएवढी धार लागली. कुणी आणलं नाही, कुणी ओढलं नाही. टँकरच्या पाण्यात टाकतात त्या पावडरीचा वास काठापर्यंत आला. माळवाडीहून काठ्या घेऊन आलेल्यांनी त्या खाली ठेवल्या. दोन वर्षं ज्यांनी पाणी फक्त टँकरच्या नळीतून पडताना पाहिलं होतं, ती माणसं खडकातून येणाऱ्या पाण्याकडे बघत उभी राहिली. भीमनगरच्या सरजाबाईने हात जोडले. कुणाला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

हणमंतरावालाही ते भिडलं, पण कबूल करेल तर तो हणमंतराव कसला! लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा जिल्ह्याचे साहेब सांगून गेले होते, दोन्ही वस्त्या मिळून एक गाव करा, पंचायत देतो, टँकर वाढवतो. तेव्हा 'त्यांच्यासंगं? मेलो तरी न्हाई' म्हणणारा हाच.

"शिमिटाचं पोतं आना," तो म्हणाला. "भेग बुजवायची."

पोतं आलं, घमेलं आलं. मग सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. सिमेंट कालवायला पाणी लागतं, आणि माळवाडीच्या विहिरीत तर आता खडखडाट होता.

साहेबरावाची बायको पंचशीला रहाटापाशी उभी होती. हणमंतरावाने घसा खाकरला.

"एक घागर पानी पायजे व्हतं."

मागे कुणीतरी हसलं. पंचशीला हसली नाही. तिने घागर सोडली, भरून ओढली आणि त्याच्यापुढे धरली.

"घ्या, भाऊ. कमी पडलं तर आनखी काढते."

हणमंतरावाचे हात पुढे झाले आणि तिथेच अडले. तेवढ्यात त्याची म्हातारी आई, साखराबाई, मध्ये आली. तिने कमरेत वाकून पंचशीलापुढे ओंजळ धरली. या मुलखात अशी ओंजळ कुणी कुणापुढे धरायची हे ठरलेलं होतं, आणि ते असं नव्हतं.

"घाल बाई, आधी मला."

म्हातारी घटाघटा प्यायली.

"आये! कुनाच्या हिरीचं पानी पितीस?"

"वरी वतलं तवा आपलं, आन् खाली आलं की त्येंचं?" तिने पदराने तोंड पुसलं. "लई गार हाय रं. कालव आता तुझं शिमिट. उरलंय घागरीत."

हणमंतरावाने कालवलं. हट्टाचा माणूस. पण घमेलं खाली सोडायला रहाटाला हात कुणी लावेना, माळवाडीचाही कुणी नाही. शेवटी त्याने स्वतःच दोर घेतला, काठावरून खाली वाकला, धार पाहिली आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला. सिमेंट उन्हात घट्ट होत गेलं.

पुढच्या पावसाळ्याआधी दोन्ही वस्त्यांचं एक गाव झालं. वेस अजून बांधलेली नाही. शिवेवर घमेल्याच्या आकाराचा एक दगड आहे. हणमंतरावानेच तो डोक्यावरून नेऊन ठेवला. माळवाडीचे नवरदेव तिथे नारळ फोडतात, आणि भीमनगरची पोरं त्याच्यावर बसून एसटीची वाट बघतात.