दुसरी किल्ली

टायरमध्ये हवा भरून घ्यायला ती पेट्रोल पंपावर गाडीतून उतरली आणि सवयीनं आतला खटका दाबून तिनं दार लावलं. किल्ली आतच राहिली.

“काच फोडायची, नाहीतर दुसरी किल्ली मागवायची,” हवा भरणारा म्हणाला. “बघा बाई, काय परवडतं ते.”

फुटक्या काचेनं तिला जायचं होतं तितक्या लांब जाता आलं नसतं. आणि दुसरी किल्ली नवऱ्याकडे होती. सकाळी त्याला “संध्याकाळपर्यंत येते” असं सांगून ती निघाली होती, ती परत न येण्यासाठी. मागच्या सीटवर दोन मोठ्या बॅगा होत्या आणि त्यांच्यावर तिची रोजची उशी. भांडण झालं नव्हतं. भांडायचंसुद्धा दोघं केव्हाच विसरले होते. तिनं फोन लावला.

तो स्कूटरवरून आला. “किल्ली आत आणि बाईसाहेब बाहेर! डोकं तरी बरोबर आणलंयस ना?” तो लांबूनच म्हणाला. हवा भरणारा हसला. ती गाडीच्या टपावर हात ठेवून उभी होती. टप चांगलाच तापलाय, हे तिला बऱ्याच वेळानं कळलं.

त्यानं दार उघडलं आणि किल्ली घ्यायला आत वाकला. किल्ली हाताशीच होती, तरी तो जरा जास्तच वेळ वाकलेला राहिला. आता त्यानं सगळं पाहिलं असणार. तिला भीतीसुद्धा वाटली नाही.



बाहेर येऊन त्यानं दोन्ही किल्ल्या तिच्या तळहातावर ठेवल्या. “दुसरीपण ने. तिकडून मला कुठं बोलावणार आहेस?”