स्वगताचं उदाहरण

उद्या लेकीचा नाटकाचा पेपर. बाप इंग्रजी साहित्याचा प्राध्यापक आणि मुलीचे मार्क गेले तर चारचौघांत माझीच शोभा, म्हणून मी हॉलमध्ये येरझारा घालत तिची उजळणी घेत होतो. बायको इस्त्री करता करता मध्येच काहीतरी बोलत होती. मी "हं, हं" करत होतो.

"ट्रॅजेडी झाली, कोरस झाला. आता स्वगत सांग."

"ऐकणारं कोणी नसताना पात्र मनातलं मोठ्याने बोलतं, ते स्वगत."

"बरोबर. रोजच्या जगण्यातलं उदाहरण?"

"आई तुमच्याशी बोलते ना, ते."

"साफ चूक. समोर दुसरं पात्र असलं की तो संवाद होतो," मी वैतागून म्हणालो. "अगं, तूच सांग हिला."

मी वळून पाहिलं. टेबलावर माझा शर्ट घडी करून ठेवलेला होता, इस्त्री थंड होती आणि बायको नव्हती.

"कुठे गेली ही?"


"गाठीचा रिपोर्ट आणायला. तुम्ही येता का म्हणून तिने तीनदा विचारलं बाबा, आणि तुम्ही तिन्ही वेळा 'हं' म्हणालात."